रिपोर्ट नॉर्मल, मग छातीत का दाटतं?

अमेरिकेतल्या इमर्जन्सी रूममध्ये छातीच्या दुखण्यासाठी वर्षाला 65 लाखांहून अधिक वेळा लोक येतात. ईसीजी निघतो, हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन तपासलं जातं, काही तासांनी पुन्हा तपासलं जातं. तिथल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी 2021 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार यातल्या साधारण 5 टक्के रुग्णांनाच हार्ट अटॅक किंवा त्याच्या उंबरठ्यावरची अवस्था असते. निम्म्याहून जास्त जणांचं दुखणं हृदयाचं नसतंच. 'हार्ट ठीक आहे' असं ऐकून माणूस घरी येतो. हायसं वाटतं, पण छातीवरचा दाब, घशाशी येणारं आंबट आणि चार घासांत तुडुंब होणारं पोट तसंच राहतं. घरचे म्हणतात, 'काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नकोस.' काळजीपोटीच म्हणतात, पण ऐकणाऱ्याला वाटतं, आपलं दुखणं कुणाला खरंच वाटत नाही.

ते खरं असतं. ताणाने पोटात काय होतं हे न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी 80 वर्षांपूर्वी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलं आहे.

टॉम या नावाने वैद्यकशास्त्राला माहीत असलेला एक माणूस होता. 1895 मध्ये, नऊ वर्षांचा असताना, त्याने कढत सूप घटकन गिळलं आणि अन्ननलिका भाजून बंद झाली. डॉक्टरांनी पोटावर छेद घेऊन जठराला बाहेर तोंड करून दिलं. त्यानंतर आयुष्यभर टॉम घास तोंडात चावायचा आणि तो पोटावरच्या त्या तोंडातून जठरात सोडायचा. ही गोष्ट तो लोकांपासून लपवून ठेवी. 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्क हॉस्पिटलमधले डॉ. स्ट्युअर्ट वुल्फ आणि डॉ. हॅरॉल्ड वुल्फ यांनी त्याला प्रयोगशाळेतच मदतनिसाची नोकरी दिली. जठराचं अस्तर कधी फिकं पडतं, कधी लाल होतं, आम्ल किती पाझरतं, हे ते रोज नोंदवू लागले.

एका सकाळी या नोंदी चालू असतानाच एक डॉक्टर संतापून खोलीत शिरले. महत्त्वाचे कागद सापडत नव्हते. खण उघडत, पुटपुटत ते शोधत राहिले. कागद आदल्या दिवशी आवराआवर करताना टॉमकडूनच इकडचे तिकडे झाले होते. नोकरी जाईल या भीतीने तो निश्चल पडून राहिला. चेहरा पांढराफटक पडला आणि त्याच वेळी जठराचं अस्तरही पांढरं पडलं. कागद घेऊन डॉक्टर गेल्यावर दोन्हींचा रंग हळूहळू परतला. दुसऱ्या एका प्रसंगी कामावरून बोल ऐकावे लागले, तेव्हा टॉम आतून धुमसत होता. त्या वेळी उलटं झालं: अस्तर लालबुंद झालं आणि आम्ल वाढलं. या निरीक्षणांचं पुस्तक 1943 मध्ये प्रसिद्ध झालं.

मला यातली एक बाब फार मोलाची वाटते. भीती आणि राग, दोन्ही ताणच. पण एकाच माणसाच्या एकाच जठरात त्यांनी परस्परविरुद्ध बदल घडवले. म्हणून 'सिंपथेटिक वाढली, पॅरासिंपथेटिक घटली, झालं असंतुलन' हे सध्या सर्रास ऐकू येणारं स्पष्टीकरण मला अपुरं वाटतं. शरीराला सज्ज करणारी सिंपथेटिक आणि शांत करणारी पॅरासिंपथेटिक या दोन मज्जासंस्था प्रत्येक अवयवात वेगवेगळ्या प्रमाणात, कधी दोन्ही एकदम, काम करतात. मनगटावरच्या घड्याळातला 'स्ट्रेस स्कोअर' हृदयाच्या ठोक्यांमधल्या अंतरावरून काढलेला अंदाज असतो. जठरात काय चाललंय हे त्यातून कळत नाही. तो आकडा पाहून घाबरणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

टॉमवरच्या या नोंदींच्या कितीतरी आधी हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन विद्यार्थिदशेत, 1896 पासून, नव्यानेच शोध लागलेल्या क्ष-किरणांखाली मांजरांचं पचन पाहत होते. मांजर बिथरलं की जठराची लयबद्ध हालचाल थांबे, शांत झालं की पुन्हा सुरू होई. लढा किंवा पळा ही शरीराची आणीबाणीची तयारी त्यांनी पुढे सविस्तर मांडली. या तयारीत रक्त स्नायूंकडे वळतं, हृदय जोरात चालतं आणि पचन बाजूला पडतं. वाघ समोर असेल तर हे योग्यच आहे. व्हिसाचं नूतनीकरण अडकलंय, नोकरकपातीची कुजबुज आहे, घराचा हप्ता डोक्यावर आहे, अशा वेळी मात्र ही तयारी महिनोन्‌महिने उतरत नाही.

मग छाती का आवळते? श्वास उथळ आणि भरभर होऊ लागतो, बरगड्यांमधले स्नायू ताठरतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटला की बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, छातीत दाटतं. तिकडे, घास आल्यावर सैल पडायला हवा तो जठराचा वरचा भाग नीट सैल पडत नाही, म्हणून थोड्या जेवणानेही पोट गच्च होतं. व्हेगस नर्व्हमधले बहुतांश तंतू आतल्या अवयवांच्या खबरा मेंदूकडे नेणारे आहेत. मेंदू सतत सावध असला की एरवी जाणवलंही नसतं एवढं आम्लसुद्धा जळजळ म्हणून जाणवतं. त्यात अन्ननलिका हृदयाच्या अगदी मागून जाते, आणि दोघांच्या वेदनांचे तंतू मज्जारज्जूच्या जवळजवळ त्याच भागात शिरतात. दोन बिऱ्हाडांची पत्रं एकाच पेटीत पडावीत तसं होतं; दुखणं कोणाचं हे मेंदूला खात्रीने ओळखता येत नाही.

म्हणूनच हा घोटाळा जुना आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या 300 सैनिकांची टिपणं फिलाडेल्फियाच्या डॉ. जेकब डा कोस्टा यांनी 1871 मध्ये प्रसिद्ध केली. छातीत दुखणं, धडधड, धाप आणि अनेकांना पोटाच्या तक्रारी, असं ते चित्र होतं. त्यांनी या माणसांना भित्रं ठरवलं नाही. खडतर मोहिमा, ताप आणि जुलाबांमध्ये कारणं शोधली.

ताणावर सगळंच ढकलणंही चूक. अल्सरचं खापर अनेक दशकं काळजीवर फोडलं गेलं. त्यामागचा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू दाखवणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना 2005 मध्ये नोबेल मिळालं.

उपचारांतही मन आणि पोटाचं हे गुंतलेपण दिसतं. ज्यांच्या अपचनामागे तपासण्यांत काही सापडत नाही अशा 292 रुग्णांवर उत्तर अमेरिकेत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2015 मध्ये आले. अ‍ॅमिट्रिप्टिलीन या जुन्या औषधाच्या कमी मात्रेने 53 टक्के रुग्णांना पुरेसा आराम पडला, नुसत्या दिखाऊ गोळीने 40 टक्क्यांना. एस्सिटालोप्रॅम हे नैराश्यावरचं नवं औषध दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. अर्थात ही औषधं डॉक्टरांनीच द्यायची. पोट फुगवून घेतलेला संथ श्वास आणि लांबवलेला उच्छ्वास मात्र कुणालाही करता येतो. उच्छ्वासाच्या वेळी व्हेगसच्या प्रभावाने हृदयाची गती थोडी उतरते.

अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी एक गोष्ट आग्रहाने सांगायला हवी. आपण छातीतल्या प्रत्येक कळेला आधी 'गॅस' म्हणतो. ओवा चावतो, इनो घेतो, सकाळची वाट पाहतो. सॅन फ्रान्सिस्को परिसर आणि शिकागो इथल्या 906 दक्षिण आशियाई स्त्रीपुरुषांना घेऊन सुरू झालेल्या 'मसाला' या अभ्यासात त्यांच्यातलं मधुमेहाचं प्रमाण अमेरिकेतल्या गोऱ्या, कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि चिनी गटांहून अधिक आढळलं. मधुमेहात हार्ट अटॅकची लक्षणं अस्पष्ट असू शकतात. तेव्हा छातीवर नव्याने दाब आला, घाम फुटला, धाप लागली, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर ताणाचा विचार नंतर, आधी 911. मुलांकडे आलेले आईवडील बिलाच्या धास्तीने गप्प बसतात. 1986 च्या केंद्रीय कायद्यानुसार मेडिकेअरशी जोडलेल्या, म्हणजे जवळपास प्रत्येक, हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागाला समोर आलेल्या रुग्णाची तपासणी करावीच लागते. विमा आहे की नाही, पैसे आहेत की नाहीत, यावरून ती नाकारता येत नाही. बिल नंतर येतं आणि त्याबद्दल हॉस्पिटलशी बोलताही येतं. हे आईबाबांना विमानतळावरून घरी आणतानाच सांगून ठेवा.