भागखरेदी आदेश
भागखरेदी आदेश म्हणजे कंपनीच्या भागधारकांमधील वादात एका गटाचे भाग इतर सभासदांनी किंवा कंपनीने विकत घ्यावेत, असा न्यायाधिकरणाचा आदेश होय. त्याची तरतूद कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २४२ मध्ये आहे. किमान एक दशांश भागभांडवल असलेले सभासद दडपशाही किंवा गैरव्यवस्थापनाविरुद्ध कलम २४१ अन्वये अर्ज करू शकतात. कोल्हापूरसह महाराष्ट्रातील कंपन्यांचे अर्ज राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे येतात.

मूल्यांकन
खासगी कंपनीच्या भागांना बाजारभाव नसतो आणि त्यांच्या हस्तांतरणावर निर्बंध असतात. त्यामुळे अल्पमतातील भागधारकाला बाहेर पडणे कठीण जाते. किंमत निव्वळ मालमत्ता, अपेक्षित उत्पन्न किंवा समान कंपन्यांशी तुलना यांवरून काढतात. मूल्यांकनाची तारीख कोणती आणि अल्पमतातील भाग म्हणून किंमत कमी धरावी का, हे वादाचे मुख्य मुद्दे असतात.

टाटा सन्स प्रकरण
सायरस मिस्त्री यांना २०१६ मध्ये अध्यक्षपदावरून हटवल्यानंतर १८.३७ टक्के भाग असलेल्या शापूरजी पालनजी गटाने दाद मागितली. पुढे या गटाने विभक्त होण्याची योजनाही मांडली. सर्वोच्च न्यायालयाने २६ मार्च २०२१ रोजी दडपशाहीचा आरोप अमान्य केला. भागांचे मूल्य सूचिबद्ध कंपन्यांतील गुंतवणूक, स्थावर मालमत्ता इत्यादींवर अवलंबून असल्याने न्यायालयाने ते स्वतः ठरवले नाही. कंपनीच्या नियमावलीतील कलम ७५ किंवा अन्य कायदेशीर मार्ग उभय पक्षांवर सोपवला.