पडलेलं नाव

बारशाला नाव ठेवतात. वर्गात ते पडतं. जूनमध्ये चष्मा लागलेला आठवीतला मुलगा दिवाळीच्या सुट्टीपर्यंत 'ढापण्या' झालेला असतो. पुढे चष्मा जाऊन लेन्स आल्या तरी हाक तीच राहते.

स्वतःच्या नावापुढे माणसाचं लक्ष अनेकदा हतबल ठरतं. नेव्हिल मोरे यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन कानांत दोन वेगळे मजकूर ऐकवले आणि एकच मोठ्यानं म्हणत राहायला सांगितलं. दुसऱ्या कानातलं जवळजवळ काहीच लोकांना कळलं नाही. पण तिथे त्यांचं नाव आलं, तेव्हा सुमारे एकतृतीयांश लोकांनी ते टिपलं. टोपणनावही असंच कानात मुरत असावं. मैदानाच्या पलीकडून कुणी 'जाड्या' म्हटलं की मान वळते, आणि वळलेली मान म्हणजे त्या नावाला दिलेली ओ.

कुमारवयात ही ओ फार महागात पडते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लिआ सॉमरव्हिल आणि सहकाऱ्यांनी ८ ते २२ वर्षांच्या मुला-तरुणांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून एवढंच सांगितलं, की आता तुमच्याच वयाचं कुणीतरी तुम्हाला कॅमेऱ्यातून पाहतंय. प्रत्यक्षात कुणीच पाहत नव्हतं. तरी कुमारवयीनांना लहान मुलांपेक्षा जास्त संकोच वाटला, आणि कपाळामागचा, स्वतःविषयीच्या विचारात गुंतणारा भाग त्यांच्यात अधिक सक्रिय झाला. नुसत्या नजरेच्या कल्पनेनं एवढं होतं, तर भर वर्गात मारलेल्या हाकेनं काय होत असेल!

म्हणून टोपणनावं बंद करावीत, असं मात्र मी म्हणणार नाही. जेन मॉर्गन, ख्रिस्तोफर ओ'नील आणि रॉम हॅरे यांनी १९७९ साली या विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं. कुणी आपल्याला कुठल्याच नावानं न चिडवणं, म्हणजे खिजगणतीतही नसणं, हे वाईट नावापेक्षाही बोचू शकतं, असं त्यांनी नोंदवलं. सचिनचा 'सच्या' होतो तो टोळीत घेतल्यावरच. 'जाड्या'सुद्धा डबा वाटून खाणाऱ्या मित्राच्या तोंडी वेगळा आणि संघ निवडताना वेगळा. मित्राला 'नको म्हणू' असं सांगता येतं. संघ निवडणाऱ्यांना सांगितलं, तर तेच नाव आणखी जोरात येतं. आणि हजेरी घेताना शिक्षकांनी गमतीनं तेच उच्चारलं, तर मुलानं दाद मागायची कुणाकडे?

काही मुलं अकरावीला मुद्दाम लांबचं कॉलेज घेतात. बस बदलून जावं लागलं तरी चालतं. शाळेतलं कुणी तिथे नको असतं. पहिल्या दिवशी बाकावरचा शेजारी नाव विचारतो, आणि ती मुलं बारशाचं नाव सांगतात, पूर्ण.