दडलेला धातू

नांदगावच्या काळ्या मातीत कॅल्शियम असते. परंतु ते किती, हे डोळ्यांना दिसत नाही. प्रयोगशाळेत मातीचा अर्क ज्योतीत फवारतात. उष्णतेने कॅल्शियमचे अणू सुटे होऊन ठरावीक प्रकाश शोषतात. त्यावरून प्रमाण कळते. पण अर्कात फॉस्फेट असले, तर ते कॅल्शियमला इतके घट्ट धरून ठेवते की ज्योतीलाही ते पुरते सोडविता येत नाही. आकडा खोटा येतो, आणि त्यावर विसंबून शेतकऱ्याने केलेला खर्च वाया जातो. अशा वेळी अर्कात लँथॅनम या विरल मृत्तिका धातूचा क्षार मिसळतात. फॉस्फेट त्याला बिलगते, कॅल्शियम मोकळे होते. गंमत अशी की, १८३९ साली स्वीडनच्या मोसांडर यांना हा धातू सेरियमच्या संयुगात दडलेला सापडला. म्हणून ‘दडणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी त्याचे नाव ठेवले.