संघाच्या नागपुरात भाजपला लोकसभा जिंकायला इतकी वर्षं का लागली?

दरवर्षी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपूरच्या इतवारीत पाय ठेवायला जागा नसते. नेहरू पुतळा चौकात काळी आणि पिवळी मारबत समोरासमोर येतात आणि त्यांच्या मागे बडगे निघतात. महागाई, भ्रष्टाचार, खड्डे, एखादा मंत्री, कधी अख्खं सरकार, असं ज्याचा राग आलेला असेल त्याचा बडगा तयार होतो आणि मिरवणुकीनंतर जाळला जातो. काळी मारबत १८८१ पासून निघते आणि पिवळी १८८५ पासून. म्हणजे काँग्रेसची स्थापना, संघाची स्थापना आणि पहिली लोकसभा निवडणूक या सगळ्यांच्या आधीपासून ही गर्दी सत्तेवरचा राग रस्त्यावर काढत आली आहे.

याच इतवारीच्या शेजारी महाल आहे. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना १९२५ मध्ये तिथेच झाली आणि संघाचं मुख्यालयही तिथेच आहे. त्यामुळे निवडणूक आली की समाजमाध्यमांवर एक वाक्य हमखास फिरतं: "नागपूर म्हणजे भाजपचा बालेकिल्ला, तिथे संघाचं मुख्यालय आहे." आज मतमोजणीचे आकडे पाहिले तर हे वाक्य खरं वाटतं. पण १९५२ ते २००९ या काळात लोकसभेच्या १५ सार्वत्रिक निवडणुका झाल्या. त्यात नागपूरची जागा भाजपने किती वेळा जिंकली? फक्त एकदा, १९९६ मध्ये. जनसंघाने तर एकदाही नाही. काँग्रेसने १२ वेळा जिंकली.

मग घराशेजारी मुख्यालय असूनही हे कसं झालं?

काँग्रेसच्या विरोधात कोण होतं?

याचं उत्तर शोधताना बहुतेक जण काँग्रेस विरुद्ध संघ अशी सरळ रेघ ओढतात. नागपुरात पहिली तीन दशकं ती रेघ नव्हतीच. काँग्रेसचा राग आलेल्या मतदारासाठी इथे दुसरी बरीच दुकानं उघडी होती.

पहिलं दुकान विदर्भाचं. नागपूर १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशची राजधानी होतं. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि नागपूरचं राजधानीपण संपलं. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. नागपूर कराराप्रमाणे हिवाळी अधिवेशन मिळालं, पण सचिवालय गेलं ते गेलंच. ही सल मतपेटीतही उतरली. १९५२ आणि १९५७ मध्ये नागपूरने काँग्रेसच्या अनसूयाबाई काळे यांना निवडून दिलं होतं. १९६२ मध्ये मात्र स्वतंत्र विदर्भाची मागणी करणारे लोकनायक बापूजी अणे अपक्ष म्हणून जिंकले. १९७१ मध्ये देशभर इंदिरा गांधींची लाट असताना नागपूरने जांबुवंतराव धोटे यांना लोकसभेत पाठवलं. त्यांचा पक्ष होता फॉरवर्ड ब्लॉक, म्हणजे सुभाषबाबूंनी काढलेला पक्ष, ज्याची मुख्य ताकद बंगालमध्ये होती. नागपूरकरांनी त्या पक्षाचा जाहीरनामा वाचून मत दिलं असेल असं मानायला फारसा आधार नाही. मत धोटेंना होतं आणि विदर्भाला होतं.

दुसरं दुकान डाव्यांचं. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. गिरण्यांबरोबर कामगार आले आणि कामगारांबरोबर संघटना आल्या. पुढे भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस झालेले ए. बी. बर्धन हे नागपूरचेच. १९५७ मध्ये ते इथून विधानसभेवर निवडून गेले. लोकसभाही त्यांनी नागपुरातून लढवली, पण ती त्यांना जिंकता आली नाही.

तिसरा प्रवाह आंबेडकरी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि पुढच्या वर्षी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. २०११ च्या जनगणनेनुसार शहराच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचा वाटा जवळपास पाचवा हिस्सा आहे. उत्तर नागपूरसारख्या भागात हा मतदार निकाल फिरवू शकतो. संघाच्या विचारापासून तो लांब राहिला. त्याची मतं कधी रिपब्लिकन गटांकडे गेली, कधी काँग्रेसकडे, नंतर काही काळ बसपकडे.

एवढ्या गर्दीत जनसंघाला विरोधी पक्षाची मुख्य जागा मिळालीच नाही. काँग्रेस हरली तरी फायदा दुसऱ्याचा व्हायचा.

१९७७ चं कोडं

आणीबाणीनंतरच्या निवडणुकीत हे सगळ्यात ठळक दिसलं. १९७५ मध्ये संघावर बंदी आली होती आणि सरसंघचालक बाळासाहेब देवरस तुरुंगात होते. १९७७ मध्ये जनसंघ जनता पक्षात विलीन झाला, उत्तर भारतात काँग्रेस भुईसपाट झाली, खुद्द इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या. नागपुरात मात्र काँग्रेसचे गेव्ह आवारी निवडून आले. म्हणजे ज्या निवडणुकीत संघाच्या शहराने सूड उगवायला हवा होता असं बाहेरच्याला वाटेल, त्याच निवडणुकीत या शहराने एका पारशी काँग्रेसवाल्याला दिल्लीला पाठवलं. विदर्भातल्या बहुतेक जागाही काँग्रेसकडेच राहिल्या. आणीबाणीची झळ उत्तरेत घरोघरी पोचली होती, तशी ती इथे पोचली नव्हती. शिवाय दलित, मुस्लिम आणि शेतकरी-बहुजन मतांची काँग्रेसची मोट अजून शाबूत होती.

१९८० मध्ये तर धोटेच इंदिरा काँग्रेसच्या तिकिटावर उभे राहिले आणि जिंकले. नागपूरच्या राजकारणात माणसं पक्ष बदलतात, त्याची ही सुरुवातही नव्हती आणि शेवट तर नव्हताच.

एकुलता एक विजय आणि त्यामागचा माणूस

भाजपला १९९६ मध्ये नागपूर जिंकून देणारे बनवारीलाल पुरोहित हे मूळचे काँग्रेसचेच. १९८४ आणि १९८९ मध्ये ते याच जागेवरून काँग्रेसचे खासदार होते. अयोध्येच्या आंदोलनाच्या काळात ते भाजपमध्ये गेले. १९९१ मध्ये भाजपकडून लढले आणि काँग्रेसच्या दत्ता मेघेंकडून हरले. १९९६ मध्ये जिंकले. पुढे भाजप सोडला, पुन्हा काँग्रेस, मग विदर्भासाठी स्वतःचा पक्ष, मग पुन्हा भाजप आणि शेवटी राज्यपालपद. म्हणजे भाजपला पहिला विजय मिळाला तोही शाखेतून घडलेल्या कार्यकर्त्याकडून नाही, तर काँग्रेसकडून आलेल्या उमेदवाराकडून.

१९९८ पासून विलास मुत्तेमवार यांनी सलग चार वेळा ही जागा काँग्रेसकडे ठेवली. १९९९ मध्ये लोकसभा आणि विधानसभा निवडणुका एकत्र झाल्या होत्या. त्या वेळी पश्चिम नागपुरातून देवेंद्र फडणवीस पहिल्यांदा आमदार झाले, पण लोकसभेला शहराने मुत्तेमवारांना निवडलं. एकाच वेळी मतदान, तरी दोन वेगळे कौल.

पदवीधरांनी निवडलं, मग शहराने का नाही?

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. भाजप या काळात नागपुरात अगदीच दुबळा होता असं नाही. विधान परिषदेच्या नागपूर पदवीधर मतदारसंघातून आधी गंगाधरराव फडणवीस आणि मग १९८९ पासून नितीन गडकरी निवडून येत राहिले. पण पदवीधर मतदारसंघात मतदार यादी आपोआप तयार होत नाही. पदवी मिळून तीन वर्षं झालेल्यांनी अर्ज भरून नाव नोंदवावं लागतं. जो पक्ष घरोघरी जाऊन नोंदणी करून घेतो, तो मतदानाआधीच अर्धी लढाई मारतो. शिस्तीची केडर संघटना, शिक्षक आणि नोकरदार वस्त्यांमधला संपर्क हे संघ परिवाराचं बळ तिथे पुरेपूर कामी येतं.

लोकसभेत मात्र यादीत मोमीनपुऱ्यातला विणकर असतो, इंदोऱ्यातली कामगार बाई असते, इतवारीतल्या किराणा ओळीतला हमालही असतो. तिथे संघटना लागतेच, पण तेवढ्याने भागत नाही. (तो पदवीधर बालेकिल्लाही डिसेंबर २०२० मध्ये काँग्रेसच्या अभिजित वंजारी यांनी घेतला, हे जाता जाता.)

मतविभागणीमुळेच सगळं होतं का?

"बसपने मतं खाल्ली म्हणून काँग्रेस हरली" हे समाजमाध्यमांवरचं दुसरं आवडतं वाक्य. नागपूरच्या आकड्यांवर ते तपासून पाहता येतं.

२००९ मध्ये बसपने इथे एक लाखाहून जास्त मतं घेतली. तरीही मुत्तेमवार जिंकले, पुरोहितांना सुमारे २४ हजारांनी हरवून. २०१४ मध्ये गडकरींना ५,८७,७६७ मतं मिळाली आणि मुत्तेमवारांना ३,०२,९३९. बसपची ९६ हजार आणि आम आदमी पक्षाच्या अंजली दमानिया यांची सुमारे ६९ हजार मतं मुत्तेमवारांच्या खात्यात टाकली, तरी बेरीज पावणेपाच लाखांच्या आतच राहते. म्हणजे सगळे एकत्र लढले असते तरी निकाल तोच लागला असता. मतविभागणी काही ठिकाणी निर्णायक असते, पण नागपुरात या दोन्ही वेळी ती नव्हती.

२०१४ मध्ये बदललं ते वेगळंच. देशात मोदींची लाट होती, काँग्रेस केंद्रात १० वर्षं आणि राज्यात १५ वर्षं सत्तेत राहून थकली होती. शिवाय भाजपने पहिल्यांदाच शहराला असा उमेदवार दिला होता जो पक्षाचा राष्ट्रीय अध्यक्ष राहिला होता आणि राज्यात युतीचा मंत्री असताना पूल आणि रस्ते बांधणारा म्हणून पक्षाबाहेरही ओळखला जात होता. २००७ पासून महापालिका भाजपकडे होती, त्यामुळे वस्त्यांमध्ये नगरसेवकांचं जाळं तयार होतं. या सगळ्यात संघाचं मुख्यालय तेवढं जुनंच होतं. ते १९७७ मध्येही तिथेच होतं.

बालेकिल्ल्याची भिंत किती जाड?

त्यानंतरचे दोन निकाल बारकाईने पाहण्यासारखे आहेत. २०१९ मध्ये गडकरींना ६,६०,२२१ मतं होती आणि काँग्रेसचे नाना पटोले ४,४४,२१२ वर होते. (पटोले त्याआधी भंडारा-गोंदियाचे भाजप खासदार होते. पुन्हा तीच गोष्ट.) २०२४ मध्ये गडकरींना ६,५५,०२७ आणि काँग्रेसचे विकास ठाकरे यांना ५,१७,४२४ मतं मिळाली.

मताधिक्य २ लाख ८४ हजारांवरून २ लाख १६ हजार आणि मग १ लाख ३७ हजार असं उतरत गेलं. यावरून "गडकरींची लोकप्रियता घटली" असा निष्कर्ष बऱ्याच पोस्टमध्ये दिसला. तो अर्धवट आहे. २०१९ आणि २०२४ मध्ये गडकरींची मतं फक्त ५,१९४ ने कमी झाली. काँग्रेसची ७३ हजारांनी वाढली. भाजपची मतं जवळपास जागेवर राहिली आणि समोरची बाजू एकवटली. वंचित बहुजन आघाडीने २०२४ मध्ये इथे ठाकरेंना पाठिंबा दिला होता आणि बसपची मतं २० हजारांच्या आत आली.

आणखी एक आकडा. २०२४ मध्ये नागपुरात सुमारे २२ लाख २३ हजार मतदार होते आणि मतदान झालं जेमतेम ५४ टक्के. म्हणजे यादीतल्या दर दहांपैकी साधारण तिघांनी गडकरींना मत दिलं, दोघा-सव्वादोघांनी ठाकरेंना, आणि साडेचार जण घरीच राहिले. कोणता समाज कुणाकडे गेला याची जातवार टक्केवारी सांगणारे तक्ते निवडणुकीच्या काळात भरपूर फिरतात. निवडणूक आयोग अशी माहिती देत नाही. १९३१ नंतरच्या जनगणनांमध्ये अनुसूचित जाती-जमाती सोडून इतर जातींची मोजणी प्रसिद्धही झालेली नाही. ते तक्ते अंदाजच असतात, कितीही दशांश चिन्हं लावली तरी.

इतवारीत काय चाललंय?

इतवारी आणि महाल हे दोन्ही भाग मुख्यतः मध्य नागपूर विधानसभा मतदारसंघात येतात, मोमीनपुराही त्यातच. संघाचं मुख्यालय असलेल्या या मतदारसंघाने १९९९ आणि २००४ मध्ये काँग्रेसच्या अनीस अहमद यांना आमदार केलं होतं. २००९ पासून तो भाजपकडे आहे आणि त्यामागे हलबा समाजाचा मोठा हात मानला जातो.

हलबा म्हणजे मध्य नागपुरातला विणकर समाज. आपण अनुसूचित जमातीत मोडतो हा त्यांचा दावा. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००० रोजी हलबा-कोष्टींना अनुसूचित जमातीचा लाभ मिळणार नाही असा निकाल दिला. त्यानंतर २०१७ च्या आणखी एका निकालाने जात प्रमाणपत्र अवैध ठरलेल्यांच्या नोकऱ्याच धोक्यात आल्या आणि राज्य सरकारला अशा कर्मचाऱ्यांसाठी अधिसंख्य पदांची सोय करावी लागली. ज्यांनी आयुष्याची २०-२५ वर्षं नोकरी केली त्यांची पेन्शन, बढती, मुलांची प्रमाणपत्रं असं सगळं त्यावर लटकलेलं. दर निवडणुकीत प्रत्येक पक्ष हा प्रश्न सोडवण्याचं आश्वासन देतो.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेत भाजपने इथे हलबा समाजाचे तीन वेळचे आमदार विकास कुंभारे यांच्याऐवजी प्रवीण दटके यांना उमेदवारी दिली. दटके काँग्रेसच्या बंटी शेळके यांच्याविरुद्ध साडेअकरा हजारांनी जिंकले. त्याच निवडणुकीत हलबा समाजातून उभ्या राहिलेल्या अपक्षाला २३ हजारांवर मतं पडली, म्हणजे जिंकण्याच्या फरकाच्या दुप्पट.