वाद, जल्प आणि वितंडा

वाद घालणे हा आपल्या लोकांचा फार जुना स्वभाव आहे. तालमुद हा ग्रंथ म्हणजे शेकडो वर्षे चाललेल्या वादांचा संग्रहच होय. हिल्लेल आणि शम्माय या दोन आचार्यांच्या अनुयायांत असंख्य प्रश्नांवर मतभेद झाले. निर्णय बहुधा हिल्लेलच्या पक्षाकडे गेला. परंतु म्हणून शम्मायच्या पक्षाचे मत कोणी खोडून टाकले नाही. दोन्ही मते शेजारी शेजारी नोंदविली गेली आणि आजही विद्यार्थी ती शेजारी शेजारीच शिकतो. हिल्लेलच्या पक्षाला हा मान का मिळाला, याचे कारणही तालमुदने देऊन ठेवले आहे. ते लोक नम्र होते. प्रतिपक्षाचे मत ते स्वतः शिकवीत, आणि आपले मत सांगण्यापूर्वी त्याचे सांगत.

ज्या भूमीत आपले पूर्वज शतकानुशतके राहिले त्या भारतातही वादाचे शास्त्र होते. न्यायदर्शनाने चर्चेचे तीन प्रकार केले आहेत. सत्य समजावे म्हणून दोघे बोलतात तो वाद. समोरच्याला हरवावे म्हणून बोलतात तो जल्प. आणि स्वतःची कोणतीच बाजू न मांडता दुसऱ्याचे बोलणे नुसते मोडीत काढावयाचे, ती वितंडा. आपण मराठीत ‘वितंडवाद’ म्हणतो तो शब्द तेथूनच आला. पिर्के आवोथमध्येही असाच भेद केलेला आढळतो. देवाच्या नावाने, म्हणजे निःस्वार्थ बुद्धीने, केलेल्या वादाला हिल्लेल आणि शम्माय यांचे उदाहरण दिले आहे. स्वार्थाच्या वादाला मोशेविरुद्ध उठलेल्या कोराहचे. दोन निरनिराळ्या परंपरांनी एकच गोष्ट ओळखली होती. मोठ्याने बोलणारी दोन माणसे दिसली म्हणजे तेथे वाद चाललाच आहे असे नव्हे.

ही उजळणी करण्याचे कारण उघड आहे. आज आपल्या घरोघरी, हातातल्या फोनवर, राजकारणाची चर्चा अहोरात्र चालू असते. इस्रायलमध्ये एप्रिल २०१९ ते नोव्हेंबर २०२२ या काळात क्नेसेटच्या पाच निवडणुका झाल्या. जानेवारी २०२३ मध्ये न्यायव्यवस्थेत बदल करण्याची योजना जाहीर झाली आणि देश दोन तटांत उभा राहिला. त्या योजनेतील संमत झालेला एक कायदा सर्वोच्च न्यायालयाने १ जानेवारी २०२४ रोजी रद्द केला, तोही आठ विरुद्ध सात अशा मतांनी. पंधरा न्यायाधीशांतही एका मताचेच अंतर! असा कठीण प्रश्न आपण शब्बाथ संपताच फोन उघडून चार ओळींत निकालात काढतो, आणि ज्याला तो निकाल पटत नाही त्याला देशद्रोही किंवा मूर्ख ठरवतो. ही चर्चा वरील तीन प्रकारांपैकी कोणत्या प्रकारात बसते, याचा विचार करावयास हवा.

या बाबतीत शिक्षकी पेशातील एक जुने तत्त्व उपयोगी पडेल. शिक्षण महाविद्यालयात आम्हांला जे पहिले धडे मिळतात त्यांत हा एक असतो: वर्गात ज्या वागणुकीकडे शिक्षक लक्ष देतो ती वागणूक वाढते. ओरडणाऱ्या मुलाकडे शिक्षक प्रत्येक वेळी वळून पाहू लागला तर महिन्याभरात सगळा वर्ग ओरडू लागतो. शिक्षा मिळाली तरी मुलाला ती चालते, कारण लक्ष तर मिळाले! हात वर करून शांतपणे थांबणारी मुलगी हळूहळू हात वर करणेच सोडून देते. तिला काही सांगावयाचे नसते असे नाही. आपली पाळी येणार नाही एवढे तिला कळलेले असते.

समाजमाध्यमे म्हणजे असाच एक वर्ग आहे, आणि त्या वर्गाचा शिक्षक म्हणजे कंपनीने लिहिलेले गणित. कोणता मजकूर किती जणांपुढे ठेवावयाचा हे ते गणित ठरवते. फेसबुक कंपनीची अंतर्गत कागदपत्रे २०२१ मध्ये उघडकीस आली. त्यांवरून असे कळले की २०१७ पासून काही काळ, एखाद्या मजकुरावर कोणी रागाचा चेहरा उमटविला तर त्याला साध्या पसंतीच्या पाचपट वजन दिले जात होते. प्रेमाच्या, आश्चर्याच्या व दुःखाच्या चेहऱ्यांनाही तेवढेच वजन होते हे खरे. परंतु ज्या मजकुरावर रागाचे चेहरे अधिक, त्यात खोटी माहिती आढळण्याचा संभवही अधिक, हे कंपनीच्याच कर्मचाऱ्यांच्या ध्यानात आले. पुढे २०२० मध्ये रागाचे वजन शून्यावर आणले गेले. पण मधल्या काळात लिहिणाऱ्यांनी धडा घेतला तो घेतलाच. संतापाने बोलले की ऐकणारे वाढतात, हे एकदा कळल्यावर कोण विसरतो?

येथे कोणी म्हणेल की दोष यंत्राचा आहे, माणसाचा नाही. हे समाधान फार वेळ टिकत नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर पसरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार वार्तांचा अभ्यास करून तो २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. खोटी वार्ता खरीपेक्षा अधिक दूर आणि अधिक वेगाने जाते, आणि राजकीय खोट्याचा वेग सर्वांत अधिक, असे त्यांना आढळले. स्वयंचलित खाती वगळून पाहिले तरी निष्कर्ष तोच राहिला. म्हणजे खोट्याला पाय फुटतात ते तुमच्याआमच्या बोटांमुळे. ‘उचलली जीभ, लावली टाळ्याला’ असे आपली वडीलधारी माणसे म्हणत. आता जिभेलाही श्रम नाहीत.

या वेगाची किंमत कोणाला मोजावी लागते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा या गावी डवरी गोसावी या भटक्या समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा फोनवरून त्या भागात पसरलेली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतामध्ये एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घालण्याचे जाहीर केले. जानेवारी २०१९ मध्ये ती मर्यादा जगभर लागू झाली. हा राजकीय वाद नव्हता हे खरे. परंतु न तपासता पुढे ढकलण्याची सवय तीच, आणि परक्या माणसाबद्दल वाईट ऐकले की ते लगेच खरे वाटणे हेही तेच.

अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच एक साधी गोष्ट दाखवून दिली होती. माहिती विपुल झाली की लक्ष दुर्मिळ होते, कारण माहिती जे खाऊन टाकते ते ऐकणाऱ्याचे लक्षच असते. त्या वेळी खिशात मावणारा फोनही अस्तित्वात नव्हता. आज आपले लक्ष हाच विकण्याचा माल झाला आहे. जाहिरातदार पैसे देतो तो आपले डोळे पडद्यावर किती वेळ राहिले त्याचे. आपण रात्री अकरा वाजता कोणा अनोळखी माणसाला सडेतोड उत्तर देतो तेव्हा आपल्याला वाटते की आपण राष्ट्रकार्य केले. प्रत्यक्षात लाभ झाला तो दुकानदाराचा. मत कोणाचे बदलले? बहुधा कोणाचेच नाही.

न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हिल्लेलचे नाव घेण्याचा अधिकार राहणार नाही. २०२३ मध्ये आठवड्यामागून आठवडे जी निदर्शने झाली त्यांची वेळ व जागा लोकांना फोनवरूनच कळत होती. योजनेच्या समर्थकांनीही आपले मेळावे असेच भरविले. ७ ऑक्टोबर २०२३ च्या भीषण दिवशी बंद खोल्यांत अडकलेल्या कुटुंबांनी मदतीची हाक दिली ती व्हॉट्सॲपवर, आणि पुढच्या दिवसांत अन्न, कपडे व निवारा पोचविणाऱ्या स्वयंसेवकांनी आपली कामे त्याच माध्यमातून वाटून घेतली. एरवी ज्यांचे म्हणणे कोणतेही वृत्तपत्र छापत नाही अशा लहान समाजांनाही येथे बोलावयास जागा मिळते, ही गोष्ट आपण बेने इस्राएल लोकांनी तरी हलकी समजू नये. परंतु या उदाहरणांत एक साम्य आहे. तेथे निरोप होता, आणि निरोपामागे काम होते. कोठे जमावयाचे, कोणाला सोडवावयाचे, काय पोचवावयाचे, हे ठरलेले होते. निरोप पोचविण्यास हे साधन उत्तम आहे. मत घडविण्यास ते तितकेसे योग्य नाही.

आपल्याच इतिहासातील एक प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. १९६२ मध्ये मुख्य राबिनेटने विवाह नोंदणाऱ्यांना सूचना दिल्या की बेने इस्राएल व्यक्तीचा इतर यहुद्यांशी विवाह असेल तर तिच्या पूर्वजांची चौकशी करावी. या एका सूचनेने आपल्या संपूर्ण समाजावर संशयाची छाया पडली. त्या वेळी आपल्या लोकांपाशी काय होते? बहुतेक जण नव्या वसाहतींत व लहान गावांत विखुरलेले, कष्टाची कामे करणारे, हिब्रू भाषा अजून शिकत असलेले. तरी समिती स्थापन झाली, निवेदने लिहिली गेली, शिष्टमंडळे भेटली. १९६४ च्या उन्हाळ्यात बायकामुलांसह लोक यरुशलेमला येऊन धरणे धरून बसले. अखेर १७ ऑगस्ट १९६४ रोजी, सुट्टी चालू असताना, क्नेसेटची खास बैठक भरली. बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदी आहेत, त्यांच्यात व इतर यहुद्यांत भेद नाही, ही पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारची भूमिका क्नेसेटने उचलून धरली. त्यानंतर राबिनेटलाही आपल्या सूचनांतून बेने इस्राएल हे नाव काढावे लागले.

त्या आंदोलनात राग नव्हता असे कोणी समजू नये. राग होता, आणि तो रास्त होता. वृत्तपत्रांचे लक्ष वेधून घेण्याचे महत्त्वही त्या मंडळींना कळत होते. फरक असा की लक्ष वेधणे हे त्यांचे साधन होते, साध्य नव्हते. मागणी एका वाक्यात सांगता येत होती. ती कोणापुढे मांडावयाची आणि निर्णय कोण देणार, हे निश्चित होते. मान्य झाली की घरी जावयाचे, हेही निश्चित होते. सगळ्या अडचणी त्या एका दिवसात मिटल्या नाहीत. तरी पुढे अडचण आली तेव्हा बोट ठेवून दाखविता येईल असा क्नेसेटचा निर्णय समाजाच्या हाती राहिला. आज एखाद्या प्रश्नावर हजारो पसंतीचे अंगठे मिळतात आणि आठवड्याने तो प्रश्न कोणाला आठवतही नाही. धरणे धरणाऱ्याला उन्हात बसावे लागत असे, म्हणून तो काय मागावयाचे याचा आधी विचार करी. अंगठ्याला काहीच मोल पडत नाही, म्हणून त्यामागे विचारही नसतो.

या गोंगाटाची झळ आपल्या लहान समाजाला अधिक बसते, कारण आपण एकमेकांना ओळखतो. सिनेगॉगच्या मंडळींचा गट काढला जातो तो प्रार्थनेच्या वेळा, मिन्यानची हाक, कोणाकडे मलिदा आहे, कोणाचे निधन झाले, हे कळविण्यासाठी. निवडणूक आली की त्यात कोणीतरी एक चित्रफीत टाकतो. दुसरा उत्तर देतो, तिसरा जुने उणेदुणे काढतो. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचा तो कारटा हा न्याय पक्षांनाही लागू होतो. दोनचार वयस्क माणसे कंटाळून गट सोडतात. पुढे कोणाच्या घरी शिवा चालू असते तेव्हा त्या माणसांना निरोपच पोचत नाही, आणि शोकाच्या घरी काही खुर्च्या रिकाम्या राहतात. ज्या पुढाऱ्यासाठी हे भांडण झाले तो काही त्या घरी सांत्वनाला येत नाही.

यावर उपाय म्हणून फोन फेकून द्या असे सांगणे व्यर्थ आहे. तीन लहान पथ्ये पाळता येतील. पहिले, सिनेगॉगचा गट निरोपांपुरताच ठेवावा, आणि कार्यकारी मंडळाने तसा ठराव करून तो सर्वांना लावावा, स्वतःच्या बाजूच्या लोकांनाही. दुसरे, कोणताही राजकीय संदेश पुढे पाठविण्यापूर्वी तो कोणी, केव्हा व कोणत्या आधारावर लिहिला हे आपल्याला सांगता येते का ते पाहावे. सांगता येत नसेल तर आपल्यापाशीच थांबवावा. तिसरे, वाद करावयाचाच असेल तर समोरासमोर करावा. शाळेत वादविवाद घेताना एक नियम ठेवता येतो: आधी प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगावयाचे, मगच आपले मांडावयाचे. पंधरा वर्षांच्या मुलांना हे जमते. प्रारंभी अवघड जाते, कारण उत्तर शोधण्याच्या घाईत त्यांनी ऐकलेलेच नसते. नियम लावला की ती ऐकू लागतात.

आपल्या मंडळांच्या वार्षिक सभांना पूर्वीसारखी गर्दी होत नाही. तेथे हिशेब मांडले जातात, वर्ग चालवावयाचे की नाही हे ठरते, तरुणांसाठी काय करावयाचे याचा निर्णय होतो. तेथे आपले मत मोजले जाते, आणि विरुद्ध मत देणारा माणूस डोळ्यांपुढे बसलेला असतो. त्याच्या आईला आपण मावशी म्हणतो. पुढील सभेची सूचना येईल तेव्हा ती फोनवरच येईल, ती अवश्य वाचावी. वाचून झाल्यावर फोन घरी ठेवून यावे.