सातबारा पाहिला, पुढे काय?



नाशिक शहर चहूअंगांनी वाढते आहे. आडगाव, म्हसरूळ, मखमलाबाद या बाजूंना काल जिथे द्राक्षांचे मांडव होते, तिथे आज प्लॉटचे दगड रोवलेले दिसतात. कोणी मुलाच्या लग्नाआधी चार गुंठे घेऊन ठेवतो, कोणी गुरुजी निवृत्तीचा पैसा जागेत घालतात. सौदा ठरताना प्रश्न एकच विचारला जातो : "सातबारा कोणाच्या नावावर आहे?" विकणाऱ्याचे नाव दिसले, की विसार देऊन मोकळे!

इथेच सबुरी धरावी. सातबारा म्हणजे मालकीचा पक्का दाखला नव्हे. गावदप्तरातला नमुना सात हा हक्काचा आणि नमुना बारा हा पिकांचा. हे दप्तर मुख्यतः सरकारचा सारा कोणाकडून घ्यायचा, यासाठी राखले गेले. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याचे १५७ वे कलम म्हणते, की अशी नोंद खरी धरावी, पण कुठवर? ती चुकीची ठरेपर्यंत. नुसत्या नोंदीने मालकी जन्माला येत नाही, असे न्यायालयांनी पुनःपुन्हा सांगितले आहे. मालकी येते ती खरेदीखताने, वारशाने, वाटपाने, बक्षीसपत्राने किंवा कोर्टाच्या हुकुमाने. मग सातबारा बाजूला ठेवायचा का? छे! तो सावकाश वाचायचा आणि त्याच्या मागे मागे जायचे.

मागे जायचे कसे? सातबाऱ्यावर नावाबरोबर फेरफाराचा क्रमांक असतो. तो क्रमांक घेऊन नमुना सहा, म्हणजे फेरफाराची नोंदवही उघडा. हे नाव कधी लागले आणि कशामुळे लागले, ते तिथे लिहिलेले असते. त्याआधीच्या मालकाचा फेरफार काढा, मग त्याच्याही आधीचा. तीस वर्षे तरी मागे जाण्याचा वकिलांचा प्रघात आहे.

या वाटेवर सर्वांत जास्त ठेच लागते ती वारसाच्या नोंदीशी. समजा, जमीन आजोबांची. आजोबा १९७२ साली वारले. त्यांना दोन मुलगे, तीन मुली. मुली सासरी गेलेल्या, म्हणून त्यांची नावे कोणी लावलीच नाहीत. किंवा थोरल्याचे एकट्याचे नाव लागले आणि पुढे 'ए.कु.मॅ.' अशी तीन अक्षरे आली. ही अक्षरे दिसली, की थांबा! एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, एवढाच त्यांचा अर्थ. तो मनुष्य एकट्याचा मालक नव्हे. त्याच्या पाठीशी सारे घर उभे आहे. वडिलांच्या हिश्शात मुलीला वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेच दिला होता. पुढे महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि सर्व देशासाठी संसदेने २००५ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीने बसविले. तिचा हा हक्क जन्मापासूनचा आहे, ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. तेव्हा "आमच्या बहिणी काही मागत नाहीत हो," एवढ्या बोलण्यावर लाखो रुपये मोजू नका. बहिणींची खरेदीखतावर सही घ्या, नाही तर त्यांचे नोंदणी झालेले हक्कसोडपत्र मागा. आणि मागताना हेही मनात असू द्या, की ती बाई आपला खराखुरा हिस्सा सोडते आहे. सही कसली, हे तिला कोणी समजावून सांगितले आहे की नाही?

आता 'इतर हक्क' या रकान्याकडे वळू. सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, विहिरीतला हिस्सा, वहिवाटीचा रस्ता, चालू दावा, हे सारे तिथे सापडते. 'भोगवटादार वर्ग २' असा शेरा असेल, तर बहुधा जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या बाजूला आदिवासी बांधवांच्या जमिनी पुष्कळ आहेत. अशी जमीन बिगर-आदिवासी माणसाला परवानगीवाचून घेता येत नाही, मग ती कोणत्याही तालुक्यात असो. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात हातची गेलेली जमीन मूळ आदिवासी मालकाला परत देण्यासाठी १९७४ चा कायदाच आहे. म्हणून जुन्या फेरफारात अशी साखळी आढळली, तर आजचा सातबारा कितीही स्वच्छ असो, सौद्याला हात लावण्यापूर्वी वकिलाला विचारावे.

शिक्षक मित्रहो, आपल्यासाठी एक सूचना. शेतजमीन घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो, नाही तर परवानगी लागते. बिगरशेती प्लॉटला ही अट नाही. पण मग बिगरशेतीचा हुकूम आणि मंजूर आराखडा डोळ्यांनी पाहावा. दलालाने दाखविलेला रंगीत नकाशा म्हणजे आराखडा नव्हे! तुकडेबंदीचे नियम वरचेवर बदलतात, म्हणून गुंठ्यागुंठ्याचा व्यवहार असेल तर त्या दिवसाचा नियम तहसील कचेरीत विचारावा.

दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सूची क्रमांक दोनचा शोध घेतला, म्हणजे हीच जमीन आधी कोणाला विकली किंवा गहाण दिली आहे का, ते कळते. मूळ मालक दूर आणि मुखत्यार पुढे, असे असेल तर मालक हयात आहे का आणि मुखत्यारपत्र रद्द तर झाले नाही ना, हे पाहा. नुसत्या मुखत्यारपत्राने जमिनीची मालकी जात नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निवाडा आहे. एका गटात सात-आठ नावे असली, की कोणाचा तुकडा कोणता, हा वाद ठरलेला. भूमि अभिलेख खात्याची मोजणी करून घ्या, हद्दीच्या खुणा स्वतः पाहा आणि शेजारच्या बांधावरच्या माणसाशी चार शब्द बोला. पुष्कळदा कागदात नसलेली हकीकत त्यालाच ठाऊक असते.

खरेदीखताची नोंदणी झाली, की तलाठी नवा फेरफार धरतो. हितसंबंधितांना नोटिसा जातात, हरकतीला पंधरा दिवसांची मुदत असते, आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. त्यानंतरचा नवा सातबारा काढून आपले नाव, गट नंबर आणि क्षेत्र खरेदीखताशी ताडून पाहावे.