हंगामाची उलटी उचल
लेखमाला : खेळाचा पैसा – भाग सहावा

बीड जिल्ह्यात ‘हंगामी’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. दसरा झाला की ट्रॅक्टरला ट्रॉल्या जोडल्या जातात, त्यांच्यावर बाजेपासून शेळीपर्यंत सगळा संसार चढतो आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या कारखान्यांच्या दिशेनं रांग लागते. मागं राहिलेल्या पोरांसाठी शाळेत जी सोय होते तिचं सरकारी नावच ‘हंगामी वसतिगृह’. म्हणून आयर्लंडमधल्या फुटबॉलच्या हंगामी तिकिटांवर लिहायला बसलो तेव्हा शब्द शोधावा लागला नाही. ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या वाचकाआधी पाटोदा, शिरूर, आष्टीच्या वाचकाला कळेल, अशी माझी खात्री आहे.

कारण तिच्या मुळाशी उचल आहे.

उचल म्हणजे काय, हे बाहेरच्या वाचकांसाठी दोन ओळींत सांगतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगाम सुरू होण्याआधी, पावसाळ्यात घरातली कणगी तळाला गेलेली असते तेव्हा, मुकादम त्या कोयत्याला रक्कम देतो. पुढं पाच-सहा महिने ऊस तोडून ती फेडायची. नाही फिटली तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाच्या टोळीत. या उचलीनं किती घरं बांधून ठेवली आहेत हे इथं प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि खेळाशी तिची तुलना करताना ते विसरायचं नाही. पण व्यवहाराची रीत तेवढी वेगळी काढून बघा. पैसा आधी, काम नंतर. आणि एकदा पैसा घेतला की येणं भाग. हंगामी तिकिटात हीच रीत उलटी फिरते. उचल घेतो क्लब, देतात गावातली हजारो माणसं, आणि क्लबनं ती मैदानात उतरून फेडायची.

आता आयर्लंड. 2022 च्या जनगणनेत या देशाची लोकसंख्या साधारण साडेएक्कावन्न लाख भरली. आपल्या एकट्या बीड जिल्ह्याची 2011 च्या जनगणनेतली लोकसंख्या 25 लाख 85 हजार. म्हणजे दोन बीड मिळून एक आयर्लंड. तिथली फुटबॉलची लीग 1921 पासून चालू आहे. वरच्या गटात दहा संघ; प्रत्येकाचे 36 सामने, त्यातले 18 घरच्या मैदानावर, बहुतेक शुक्रवारी संध्याकाळी. ऐकायला छान वाटतं. पण कित्येक दशकं ही लीग रिकाम्या बाकांची होती. शेजारी इंग्लंड. टीव्हीवर लिव्हरपूल आणि मँचेस्टर युनायटेड. गावचा माणूस बोटीनं किंवा विमानानं समुद्र ओलांडून त्यांचे सामने बघायला जायचा आणि स्वतःच्या गल्लीतल्या मैदानाकडं फिरकायचा नाही. चांगलं पोरगं निघालं की पंधरा-सोळाव्या वर्षी तेही इंग्लंडला. खेळाडूंचे करार तर पुष्कळदा फक्त हंगामापुरते, चाळीस-बेचाळीस आठवड्यांचे. हंगाम संपला की पगार बंद. हे वाचताना मला आपल्याकडचे कारखान्याचे हंगामी कामगार आठवले.

त्या देशातल्या एका क्लबची कहाणी जरा सविस्तर सांगायलाच हवी. डब्लिनचा शॅमरॉक रोव्हर्स. 1984 ते 1987 अशी सलग चार वर्षं लीग जिंकलेला संघ. आणि त्याच 1987 मध्ये मालकांनी मिलटाउनचं मैदान विकायला काढलं. प्रेक्षक चिडले. संघ दुसऱ्यांच्या मैदानावर, टोल्का पार्कवर खेळायला गेला तेव्हा त्यांनी गेटबाहेर उभं राहून सामन्यांवर बहिष्कार टाकला. मिलटाउन गेलंच, तिथं घरं उभी राहिली. पुढची बावीस वर्षं हा संघ बिऱ्हाड पाठीवर घेऊन या मैदानावरून त्या मैदानावर फिरला. 2005 मध्ये क्लब कर्जानं बुडायच्या बेतात आला, तेव्हा त्याच प्रेक्षकांनी दरमहा पैसे घालून तो तगवला आणि शेवटी स्वतःच्या ताब्यात घेतला. त्याच वर्षी संघ इतिहासात पहिल्यांदा खालच्या गटात घसरला, तरी माणसं हटली नाहीत. 2009 मध्ये टालाट या उपनगरात मैदान मिळालं. ते क्लबचं नाही, तिथल्या परिषदेचं. आपल्या भाषेत, जिल्हा परिषदेनं बांधलेलं. त्या उन्हाळ्यात रेआल माद्रिद तिथं मित्रत्वाचा सामना खेळायला आला आणि क्रिस्तियानो रोनाल्डो माद्रिदच्या शर्टात पहिल्यांदा त्याच मैदानावर दिसला. आज चारही बाजूंना स्टँड आहेत आणि मोठ्या सामन्याला गर्दी दहा हजारांच्या घरात जाते.

शहराच्या दुसऱ्या अंगाला बोहेमियन्स. 1890 मध्ये स्थापन झालेला आणि सभासदांच्याच मालकीचा क्लब. त्याचं डॅलिमाउंट पार्क इतकं जुनं झालंय की एकेकाळी जिथं चाळीस हजारांहून जास्त माणूस मावायचा तिथं आता जेमतेम साडेचार हजारांना परवानगी आहे. जागा कमी आणि मागणी जास्त, मग तिकीट आधी कोण धरून ठेवतो याला महत्त्व येतं. 16 फेब्रुवारी 2025 ला याच बोहेमियन्सनी रोव्हर्सविरुद्धचा घरचा सामना डब्लिनच्या मोठ्या अविवा स्टेडियमवर नेला. माणसं आली 33,208. लीगच्या सामन्याला एवढी गर्दी पूर्वी कधीच झाली नव्हती. त्याआधी 2023 च्या कप फायनलला याच स्टेडियममध्ये 43,881 प्रेक्षक होते. दोन बीडएवढ्या देशात, ज्या लीगला स्वतःचे लोक नाकं मुरडायचे त्या लीगला.

हे का घडलं, याची कारणं एकात एक गुंतलेली आहेत. पहिलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. 2003 मध्ये त्यांनी हंगामच बदलला. पूर्वी लीग हिवाळ्यात चालायची: चिखल, पाऊस, गारठा, रद्द होणारे सामने, आणि समोर इंग्लंडच्या लीगची स्पर्धा. ती त्यांनी उचलून वसंत आणि उन्हाळ्यात नेली. संध्याकाळ लांब, हवा बरी, माणूस पोरांना घेऊन बाहेर पडायला तयार. खेळ तोच, संघ तेच. फक्त लोक मोकळे असतात त्या दिवसांत खेळ नेऊन ठेवला. याचं फळ एका वर्षात मिळालं नाही, पण पाया तिथं पडला.

दुसरं कारण राजकारणातून आलं. ब्रेक्झिटनंतर, 2021 पासून, अठरा वर्षांखालच्या आयरिश पोरांना इंग्लंडच्या क्लबांत जाता येईना. मग ती घरच्याच संघांत खेळू लागली. सेंट पॅट्रिक्स अ‍ॅथलेटिकचा मेसन मेलिया शाळकरी वयात पहिल्या संघात आला. इंग्लंडच्या टॉटनहॅमनं त्याच्यासाठी या लीगच्या तोवरच्या इतिहासातली सर्वांत मोठी रक्कम मोजायचं कबूल केलं, पण त्याचं जाणं ठरलं होतं 2026 च्या जानेवारीत. तोवर घरच्या प्रेक्षकांनी त्याला दर शुक्रवारी डोळ्यांसमोर मोठा होताना पाहिलं. आपलं पोरगं आपल्यासमोर खेळतंय, यासारखी गर्दी दुसरी कुठली जाहिरात जमवत नाही.

आपल्याकडं बघा. राहुल आवारे पाटोद्याचा. 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलोत सुवर्ण, 2019 च्या जागतिक स्पर्धेत 61 किलोत कांस्य. घडला पुण्याच्या तालमीत. अविनाश साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. आई-बाप वीटभट्टीवर राबलेले. तो सैन्यात गेला आणि तिथून धावपटू झाला. 2023 च्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं सुवर्ण आणलं. दोघांचा अभिमान आहेच. पण आपल्या जिल्ह्यातल्या किती माणसांनी या दोघांना आपल्याच मैदानात, वर्षात चार वेळा, तिकीट काढून पाहिलंय? ही संधी त्यांना कोणी दिलीच नाही, हे मला फार लागतं.

आता तिकिटाकडं. हंगामी तिकीट सुट्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडतं म्हणून खपतं, असं वरवर वाटतं. पण क्लबला त्यात मिळणारी खरी गोष्ट म्हणजे वेळ. आयर्लंडचा हंगाम नोव्हेंबरच्या सुमारास संपतो आणि पुढचा फेब्रुवारीत सुरू होतो. मधल्या महिन्यांत गेटवर एक पैसा येत नाही, आणि नेमके त्याच दिवसांत खेळाडूंशी करार करायचे असतात. तेव्हा विकलेलं हंगामी तिकीट म्हणजे आषाढ-श्रावणात हातात पडलेली उचल. पुढं पाऊस पडो, संघ सलग चार सामने हरो, तो पैसा आलेला असतो. त्या भरवशावर गोलकीपरला वर्षभराचा पगार कबूल करता येतो.

माणसाच्या बाजूनंही काहीतरी बदलतं. एसटीचा पास काढलेला विद्यार्थी पास नसलेल्यापेक्षा जास्त दिवस कॉलेजात दिसतो. पैसे गेलेलेच आहेत, मग जाऊ या. दोन-चारदा गेलं की शेजारच्या खुर्चीवरचा माणूस ओळखीचा होतो. मग खेळ कसाही होवो, त्याला भेटायला तरी जायचं. यात एक अडचणही आहे: तिकीट घेऊन न येणारे. साडेचार हजारांच्या मैदानात दोनशे खुर्च्या विकून रिकाम्या राहिल्या तर बाहेर उभ्या माणसाच्या डोळ्यांत त्या खुपतात.

महाराष्ट्रात आयर्लंडच्या सगळ्यात जवळ कोल्हापूर. तिथं फुटबॉल तालमींचा आहे: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. पेठेची इभ्रत अंगावर घेऊन पोरं शाहू स्टेडियममध्ये उतरतात आणि गॅलरी भरते. 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. याउलट पुण्यात 2014 मध्ये इंडियन सुपर लीगसाठी मोठ्या भांडवलावर एफसी पुणे सिटी उभा राहिला आणि 2019 मध्ये बंद पडला. त्याच्या पाठीशी पेठ नव्हती, तालीम नव्हती. तालमीला बंद पाडणं मालकाच्या हातात नसतं.

आणि आपल्याकडं फुटबॉल नसला तरी ही उलटी उचल अगदी नवी नाही. गेल्या वैशाखात पाटोदा तालुक्यातल्या एका गावच्या जत्रेला गेलो होतो. सकाळी मारुतीच्या पारावर वर्गणीचं काम चाललं होतं. पावतीपुस्तकाला कार्बन लावलेला, कडेला घामानं दुमडलेलं. नुकतंच ऊसतोडीवरून परतलेलं जोडपं आलं; बाईनं कनवटीची नोट काढली, नवऱ्यानं नाव सांगितलं, पावती फाडली गेली. दुपारी फडात हलगी कडाडली, आधी पोरांच्या नारळावरच्या कुस्त्या, मग शंभराच्या, पाचशेच्या, आणि दिवस मावळताना शेवटची मोठी जोड. बघायला तिकीट नव्हतंच. सगळ्यांनी सकाळीच आपापल्या ऐपतीनं दिलेलं होतं. निकाल काय लागणार, कोणता मल्ल येणार, कशाचीच खात्री नसताना.

शेवटची कुस्ती सुटल्यावर पावतीपुस्तक सांभाळणाऱ्या तात्यांना विचारलं, “तात्या, आता पुढचा फड कधी?”

“पुढल्या जत्रंला.”

म्हणजे तीनशे चौसष्ट दिवसांनी. खेळाला पैसा द्यायची दानत आहे, बघायची हौस आहे, पोरांच्या अंगात कुस्ती आहे. नाही ते एकच, तारखांचं पत्रक. मी त्यांना टालाटचं सांगितलं. मग म्हटलं, सहा गावच्या तालमी घ्या. प्रत्येकीनं दुसरीला एकदा आपल्याकडं बोलवायचं. म्हणजे प्रत्येक गावात पाच फड. पावती आज फाडताय ती एका दुपारची. त्याऐवजी पाच फडांची फाडा, तारखा मागं छापा, आणि गोळा झालेल्या पैशातून आधी पोरांचा खुराक आणि वस्तादाचं मानधन काढून ठेवा. एखादा फड झाला नाही तर तेवढे पैसे परत.

तात्यांनी पुस्तक मिटलं, पेन्सिल कानामागं खोचली.

“पाडव्यापासून सुरू करायचं का?” मी विचारलं.

“पाडव्याला कसं जमंल? निम्मे कोयते तवर कारखान्यावरच असत्यात,” ते म्हणाले. “आखाजीपासनं धरा. तवर सगळी घरी आल्याली असत्यात. आन् पाऊस लागायच्या आत पाच उरकाय पायजेत.”